नवीन वकिलाला: आधी कोर्टांची उतरंड समजून घे

वकिलीची सनद मिळाली, अभिनंदन. पहिले काही महिने युक्तिवादापेक्षा कुठलं प्रकरण कुठे चालतं, हे पक्कं कर.

तालुक्याला दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर बसतात. बहुतेक ठिकाणी तेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतात. सकाळी त्यांच्यापुढे चोरीचा रिमांड आणि दुपारी बांधाचा दावा, असं तुला रोज दिसेल. त्यांच्या वर वरिष्ठ स्तर, मग जिल्हा व सत्र न्यायालय. खुनाचा खटला सत्र न्यायालयातच चालतो. मुंबईची घडी मात्र वेगळी: तिथे नगर दिवाणी व सत्र न्यायालय आणि लघुवाद न्यायालय (छोट्या रकमेच्या आणि भाडेकरूंच्या दाव्यांसाठी) आहे.

त्यावर 1862 पासूनचं मुंबई उच्च न्यायालय. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात त्याची खंडपीठं आहेत. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंचही (फिरतं खंडपीठ) सुरू झालं. सांगली-सिंधुदुर्गच्या पक्षकाराचा मुंबईचा हेलपाटा वाचला, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मुदत. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील 30 दिवसांत, उच्च न्यायालयात 90 दिवसांत. म्हणून निकालाच्या दिवशीच त्याच्या प्रमाणित नकलेचा अर्ज टाक. नक्कल हातात आली की तिच्यावरचा शिक्का बघ: अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली. नकलेसाठी लागलेले ते दिवस मुदतीतून वगळले जातात. मी या तारखा डायरीत लाल शाईने लिहितो. दुसऱ्या अपिलात, म्हणजे पहिल्या अपिलाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात केलेल्या अपिलात, मात्र कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लागतो. नुसतं ‘साक्षीदार खोटं बोलला’ तिथे चालत नाही, हे पक्षकाराला आधीच सांग.