शब्दशंका : ‘राग आवर’ आणि ‘घर आवर’

प्रश्न : ‘राग आवर’, ‘घर आवर’ आणि ‘चल, आवर लवकर’ या तिन्हींत क्रियापद एकच आहे का? ‘आवरण’शी त्याचे नाते काय? आणि ‘सावरणे’ वेगळे कसे?

उत्तर : क्रियापद एकच. संस्कृत ‘वृ’ म्हणजे झाकणे, वेढणे. त्याला ‘आ’ लागून ‘आवरण’ झाले, आणि प्राकृतातून मराठीत ‘आवरणे’ आले. ‘आवरण’ झाकण्यापाशीच राहिले. क्रियापदाने वेढण्याची बाजू धरली. वेढलेले बाहेर पडत नाही, म्हणून राग, रडू, उधळलेला बैल आवरायचा. पसरलेले आत घ्यायचे, म्हणून पसारा, दुकान, घर आवरायचे. पसारा आवरला की काम संपते. त्यावरून ‘भाषण आवरते घ्या’. ‘माझं आवरलं’ म्हणजे आंघोळ, कपडे, केस सगळे उरकले.

रोखणे आणि गोळा करणे हे दोन्ही अर्थ ज्ञानेश्वरीत एकाच जागी सापडतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात इंद्रिये रोखणाऱ्याला अवयव आत घेणाऱ्या कासवाची उपमा दिली आहे. तिथे मूळ संस्कृतात ‘संहरते’ म्हणजे आत ओढून घेते असे आहे. ज्ञानेश्वर म्हणतात, ‘इच्छावशें आवरी’, म्हणजे इच्छेनुसार आवरते.

विभक्तीकडे मात्र नीट लक्ष द्यावे. ‘त्याने राग आवरला नाही’ म्हणजे आवरायला हवा होता, पण आवरला नाही. ‘त्याला राग आवरला नाही’ म्हणजे ते त्याला जमलेच नाही. म्हणूनच ‘मला हसू आवरेना’ बरोबर, ‘मी हसू आवरेना’ चूक. ‘मी हसू आवरू शकलो नाही’ चुकीचे नाही. पण ‘आवरेना’ हाताशी असताना इतका द्राविडी प्राणायाम कशाला?

‘सावरणे’ही ‘वृ’चेच, पण ‘सम्’ लागून. 1962 च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी ते ‘सांवरणें’ असे लिहीत. त्या ‘सां’वर ‘सम्’ची खूण दिसते. आवरायचे ते बाहेर उसळणारे किंवा पसरलेले. सावरायचे ते ढळणारे, पडू पाहणारे. म्हणून तोल, पदर सावरतात. घर आवरायला तासभर पुरतो. कर्ता माणूस गेल्यावर घर सावरायला वर्षे जातात.

‘सारवासारव’ मात्र या कुळातले नव्हे. ते शेणाने जमीन सारवण्यावरून आले. चूक झाकण्यासाठी केलेली ती सारवासारव. पसारा उचलण्याची ती आवराआवर.