वाचकांचे प्रश्न : नाव जुळत नाही, म्हणून रक्कम अडवावी का?

प्रश्न : आमच्या नागरी सहकारी बँकेच्या शाखेत एनईएफटीने आलेल्या काही रकमांत खाते क्रमांक आमच्याच ग्राहकाचा असतो, पण नाव वेगळे किंवा अर्धवट असते. अशी रक्कम संड्री खात्यात (निकाल न लागलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवण्याच्या खात्यात) ठेवायची आणि पाठवणाऱ्या बँकेकडून खुलासा मागवायचा, असा आमच्याकडे रिवाज आहे. लेखापरीक्षकांनी यावर शेरा मारला आहे. सावधगिरी बाळगणे चूक आहे का?
— शाखाधिकारी, सांगली जिल्हा

उत्तर : लेखापरीक्षकांचा शेरा योग्य आहे. १४ ऑक्टोबर २०१० च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले आहे की, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आलेली रक्कम केवळ खाते क्रमांकाच्या आधारे जमा करता येते आणि तो क्रमांक बिनचूक देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची असते. आपल्याकडे एकाच बाईचे खाते माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि पगारपत्रक तिसऱ्याच रचनेत असते. व्यापारी खात्यांत ‘मेसर्स’ कधी लागते, कधी गळते. नावावर अडून बसलात, तर निम्मी आवक खोळंबेल.

तुमच्यापुढे दोनच मार्ग आहेत. क्रमांक खरा असून खाते चालू असेल, तर रक्कम जमा करा. खाते बंद असेल किंवा तो क्रमांकच अस्तित्वात नसेल, तर बॅचची, म्हणजे एकत्र हाताळल्या जाणाऱ्या व्यवहारांच्या गटाची, पूर्तता (बँकांमधील हिशेब) झाल्यापासून दोन तासांच्या आत ती परत पाठवा. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालते आणि दर अर्ध्या तासाला एक, अशा ४८ बॅच रोज होतात, त्यामुळे ‘उद्या सकाळी बघू’ ही सवलत आता उरलेली नाही. आरटीजीएस या मोठ्या रकमांच्या पद्धतीची मुदत आणखी कमी, म्हणजे एक तासाची आहे. मुदत उलटली, तर विलंबाच्या काळासाठी चालू रेपो दर अधिक दोन टक्के या दराने व्याज द्यावे लागते आणि तेही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता. संड्रीत पडलेली रक्कम ना पाठवणाऱ्याची राहते, ना घेणाऱ्याची होते; गैरव्यवहार करणाऱ्या कर्मचाऱ्याची नजर पहिल्यांदा जाते ती याच खात्यावर, हे जुन्या तपासनिसांना चांगले ठाऊक असते.

सावधगिरीची खरी जागा आवक नसून जावक आहे. ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी लाभार्थ्याचे नाव आधी पाहण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करण्यास सांगितले आणि ती शाखेत येणाऱ्या ग्राहकालाही विनाशुल्क मिळायला हवी. काउंटरवर ती कशी वापरली जाते, याकडे लक्ष द्या. ग्राहक अर्जावर देवनागरी अंक लिहितो. घाईत लिहिलेला १ हा ९ सारखा दिसतो, ५ आणि ६ यांची गल्लत होते. लिपिकाने क्रमांक टाकल्यावर पडद्यावर आलेले नाव ग्राहकाला मोठ्याने वाचून दाखवावे, त्याचा होकार अर्जावरच सहीनिशी घ्यावा आणि त्यानंतरच नोंद पुढे पाठवावी. पूर्तता झालेला व्यवहार बँकेला एकतर्फी फिरवता येत नाही. चुकीच्या खात्यात गेलेली रक्कम परत मिळवायची, तर त्या खातेदाराची संमती किंवा सक्षम यंत्रणेचा आदेश लागतो, आणि तोवर त्याने ती काढून घेतलेली असू शकते.

प्रश्न : आमच्या शाखेत आम्ही तिघेच आहोत. एक रजेवर गेला की मेकर (नोंद टाकणारा) आणि चेकर (ती तपासून मंजूर करणारा) ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडून, सहकाऱ्याचा पासवर्ड वापरून उरकली जातात. मुख्य कार्यालयाला हे ठाऊक आहे. व्यवहार्य तोडगा काय?
— एक अधिकारी, पुणे विभाग

उत्तर : दुसऱ्याचा पासवर्ड वापरून पार पडलेल्या व्यवहारात वाद झाला, तर ज्याच्या नावावर नोंद आहे तो सहकारी पहिला अडकतो, मग तो त्या दिवशी गावी लग्नाला गेलेला का असेना. तोडगा मात्र अवघड नाही. शाखेने फक्त मेकरचे काम करावे आणि चेकरचे काम मुख्य कार्यालयातील निधी हस्तांतरण कक्षाकडे द्यावे. अर्ज आणि धनादेश यांची स्कॅन केलेली प्रत त्या कक्षाला दिसलीच पाहिजे, कारण मेकरने टाकलेली नोंद तिच्याशीच ताडून पाहणारा चेकर काहीच तपासत नसतो. रजेच्या दिवशी रजेवरील व्यक्तीचा वापरकर्ता क्रमांक प्रणालीतच बंद राहील, एवढी व्यवस्था केली की सवय आपोआप सुटते.

याहून गंभीर बाब सुट्टीच्या दिवसांची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेश यंत्रणेतून बनावट संदेश गेले, ते गुरुवारी रात्री. शुक्रवारी ढाक्यात साप्ताहिक सुट्टी होती, संदेश छापणारा प्रिंटर बंद पाडलेला होता, त्यानंतर न्यूयॉर्कचा शनिवार-रविवार आला आणि सोमवारी, पैसे जेथे गेले त्या फिलिपिन्समध्ये चिनी नववर्षाची सुट्टी होती. या चार दिवसांत ८ कोटी १० लाख डॉलर हातचे गेले. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या सायबर हल्ल्याचा पहिला दिवस, ११ तारीख, हा महिन्याचा दुसरा शनिवार होता; एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले आणि त्यांपैकी १३ कोटी ९२ लाख रुपये सोमवारी स्विफ्टद्वारे हाँगकाँगला वळवण्यात आले.

तुमची बँक प्रायोजक बँकेमार्फत, म्हणजे एनईएफटीची थेट सदस्य असलेल्या दुसऱ्या बँकेमार्फत, ही सेवा देत असेल, तर तिची पूर्तता प्रायोजक बँकेतील तुमच्या खात्यावर होते. म्हणून ताळमेळ तिहेरी हवा : तुमच्या सीबीएसमधील (बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीतील) नोंदी, प्रायोजक बँकेची फाइल आणि खतावणीतील शिल्लक. केवळ शिल्लक जुळली म्हणून समाधान मानू नका. एक लाखाची चुकीची जमा नोंद आणि एक लाखाची चुकीची नावे (डेबिट) नोंद एकमेकांना झाकून टाकतात आणि फरक शून्य दिसतो. प्रत्येक नोंद यूटीआर क्रमांकाने (प्रत्येक व्यवहाराला मिळणाऱ्या स्वतंत्र क्रमांकाने) जुळवावी लागते. हे काम शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी कोण करणार, त्या माणसाचे नाव संचालक मंडळाच्या ठरावात असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘आयटी विभाग’ असे मोघम लिहिले की रविवारी फोन उचलणारा कोणीच नसतो.

प्रश्न : सायबर पोलिसांच्या पत्रावरून आम्ही एका धान्य व्यापाऱ्याचे संपूर्ण खाते गोठवले. वादातील रक्कम केवळ काही हजारांची आहे. तो रोज शाखेत येऊन कारण विचारतो. त्याला किती सांगावे?
— शाखा व्यवस्थापक, लातूर

उत्तर : आधी पत्र पुन्हा वाचा. त्यात ठरावीक रक्कम रोखण्यास सांगितले असेल, तर तेवढ्याच रकमेवर लिन, म्हणजे अटकाव, लावून उरलेले खाते आजच मोकळे करा. संपूर्ण खाते गोठवण्याचाच आदेश असेल, तर रक्कम नमूद करून स्पष्टीकरण मागणारे पत्र तपास अधिकाऱ्याला लिहा आणि पोच ठेवा. पत्राचा संदर्भ क्रमांक, ठाण्याचे नाव आणि रोखलेली रक्कम ग्राहकाला लेखी द्यावी, म्हणजे तो तेथे आपली बिले आणि पावत्या घेऊन दाद मागू शकेल.

एक गोष्ट मात्र सांगायची नाही. याच खात्याबाबत संशयास्पद व्यवहाराचा अहवाल वित्तीय गुप्तवार्ता विभागाला पाठवला असेल किंवा पाठवायचा विचार असेल, तर त्याची कुणकुणही ग्राहकाला लागता कामा नये. व्यवहार संशयास्पद असल्याच्या निष्कर्षाप्रत आल्यावर हा अहवाल विनाविलंब गेला पाहिजे, आणि पोलिसांचे पत्र आले म्हणून ही जबाबदारी टळत नाही. दोन्ही कागद वेगवेगळ्या फायलींत ठेवा. व्यापाऱ्यासमोर टेबलावर उघडायची ती पोलिसांच्या पत्राची फाइल.