बारा बाइक घेऊन पुण्याहून कोकणात जायचंय. हायवे धरावा की आतले रस्ते?

तुम्ही लिहिलंय की बारा मित्र आहात, दिवाळीनंतर पुण्याहून हरिहरेश्वर, दापोली, गुहागर करायचंय, आणि कोणाचे अनुभव असतील तर ऐकायचेत. आतल्या रस्त्यांनीच जा. फक्त बारा जण एका माळेत जाऊ नका, चार-चारचे तीन ग्रुप करा आणि मुक्कामाला भेटा.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. आमची पहिली ग्रुप राइड महाबळेश्वरची, अठरा बाइक. निघायची वेळ पहाटे साडेपाच, निघालो पावणेआठला, कारण प्रत्येक जण दुसऱ्याला फोन करून ‘तू निघालास का’ विचारत होता. खंबाटकी घाट उतरून सुरूर फाट्याला उजवीकडे वाईकडे वळायचं होतं. सोळा जण वळले. मागचे दोघे गप्पा मारत सरळ साताऱ्याला गेले. पसरणी घाट चढून पाचगणीला चहाला थांबलो तेव्हा कुठे मोजणी झाली.

ते दोघे दुपारी महाबळेश्वरात उगवले. आम्ही शिव्या तयार ठेवल्या होत्या. पण चेहरे असे फुललेले की बस. साताऱ्याहून मागे न फिरता ते मेढ्याच्या रस्त्याला लागले होते. कण्हेर धरणाचं पाणी बघत, मेढ्यात मिसळ हाणून, केळघरच्या घाटाने वर आले. आम्ही टूरिस्ट गाड्यांच्या धुरात पहिल्या गिअरमध्ये घाट चढलो, आणि यांना म्हणे अर्धा तास समोरून फक्त एक एसटी आली. त्या रात्री सगळे यांचीच गोष्ट ऐकत बसले. आडवाटांचं वेड आमच्यात शिरलं ते असं, चुकलेल्या लोकांमुळे.

आता बाराचं गणित. घाटात चाळीसच्या वेगाने जाताना दोन बाइकमध्ये तीन सेकंदांचं अंतर म्हणजे साधारण तेहतीस मीटर. बारा बाइकची माळ साडेतीनशे मीटरच्या पुढे जाते. पहिला चार वळणं पुढे, शेवटचा कोण आणि कुठे आहे हे त्याला कळत नाही, आणि मधल्यांना मागे पडल्यासारखं वाटून ते नको तिथे ओव्हरटेक करतात. अपघात मधल्यांचेच होतात, हे माझं निरीक्षण. शिवाय चौघांचा चहा वीस मिनिटांत उरकतो, बारा जणांचा पाऊण तास चालतो. मग राहिलेलं अंतर अंधारात कापावं लागतं, आणि कोकणातल्या आतल्या रस्त्यावर अंधारात म्हशी दिसत नाहीत हो!

आमची एकच पद्धत आहे आणि ती मोबाइलला रेंज नसतानाही चालते. फाटा आला की पुढच्याच्या मागे जो दुसरा असेल त्याने तिथेच थांबायचं, सगळ्यात मागचा, म्हणजे आमच्या भाषेत ‘शेपूट’, येईपर्यंत. शेपूट दिसलं की त्याने हात करायचा, दोघांनी निघायचं. पुढच्या फाट्याला दुसरा कोणी थांबतो. शेपूट मात्र बदलायचं नाही, आणि ते काम सगळ्यात अनुभवी माणसाला द्यायचं, हौशी नवख्याला नाही.

तुमचा रस्ता असा धरा: मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूर, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, रमतगमत एक दिवस. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून वेशवीला फेरीबोट. सावित्रीच्या मुखावरची ही बोट नसेल तर म्हसळा, आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड असा भलामोठा वळसा पडतो, म्हणून वेळ आदल्या रात्रीच विचारून ठेवा. बोटीवर बाइक साइड स्टँडवर गिअरमध्ये टाकून उभी करा आणि शेजारी राहा. ओल्या लोखंडी पत्र्यावर बाइक आडवी झालेली मी पाहिली आहे. पुढे वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली. दाभोळला पुन्हा बोट, वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला उतरायचं, तिथून गुहागर जवळच. पेट्रोल श्रीवर्धनला आणि दापोलीला भरून घ्या, पुढे मिळेल म्हणून टाळू नका. आणि वळणावर जांभ्याची तांबडी खडी पसरलेली असते, तिच्यावर पुढचा ब्रेक दाबलात तर मी काही करू शकत नाही.

याच रस्त्यावरची आमची गाजलेली गोष्ट पंक्चरची. आमच्यातल्या एकाने हिमालयन ही मोठी बाइक घेतली होती, सोबत पंक्चर किट, हवेचा इलेक्ट्रिक पंप, सगळा जामानिमा. आडे-पाडले भागात पुढच्या चाकाची हवा गेली. ऐटीत किट उघडलं, तर ते ट्यूबलेसचं. गाडीला स्पोकचं चाक, आत ट्यूब! आम्ही बघतच राहिलो. शेवटी गाडी मेन स्टँडवर घेतली, मागचा भाग खाली दाबून इंजिनखाली दगड सरकवले आणि पुढचं चाक काढलं. ज्या स्प्लेंडरवाल्याला तो सकाळपासून चिडवत होता, त्याच्याच मागे चाक मांडीवर घेऊन बसला. पंक्चरवाल्याने एकवीस इंची चाक बघून विचारलं, “बैलगाडी कुठे ठेवलीत?” ट्यूब बादलीत बुडवली, बुडबुडे दिसले, ठिगळ लागलं, एवढंच. पण जाऊन-येऊन दोन तास गेले.

आम्ही उरलेले जिथे थांबलो होतो, तिथले एक काका येऊन आमचा मॅप बघून गेले. म्हणाले, “ह्या रस्त्याने जाऊ नका. तो आमच्या भावाच्या खळ्यात संपतो.” मॅपवर तो सरळ समुद्राला जात होता. तेव्हापासून फाट्यावर माणूस दिसला की आधी माणसाला विचारतो.

बेत फाल्गुनात ढकलणार असाल तर शिमगा सांभाळा. पोरं रस्त्यावर दोरी आडवी धरून पोस्त मागतात. सुटे पैसे वरच्या खिशात ठेवा, हसून द्या, आणि पालखी येत असेल तर इंजिन बंद करून बाजूला उभे राहा.

साताऱ्याला गेलेल्या त्या दोघांपैकी एक आता आमचं कायमचं शेपूट आहे. सुरूर फाटा आला की आजही सगळे त्याच्यासाठी हॉर्न वाजवतात.