द्राक्षबागेतल्या बायकांच्या वर्गात ‘जागतिक नागरिकत्व’ कसं घ्यायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की निफाडकडच्या तुमच्या संध्याकाळच्या साक्षरता वर्गात शाश्वत विकास आणि जागतिक नागरिकत्व ‘घ्या’ असं वरून सांगितलंय. तुम्ही संयुक्त राष्ट्रांच्या सतरा शाश्वत विकास ध्येयांचा रंगीत तक्ता लावलात आणि बायकांनी नुसत्या माना डोलावल्या. डोलावणारच. दिवसभर बागेत विरळणी करून आलेल्या बाईने त्या तक्त्याचं करायचं काय?

तक्ता काढून ठेवा. या बायकांच्या हातून गेलेले घड नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या बंदरात उतरतात. जगाशी त्यांचा संबंध आधीपासूनच आहे, त्याचा हिशेब तेवढा कुणी त्यांच्यासमोर मांडलेला नाही.

सुरुवात 2010 सालापासून करा. त्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे, म्हणजे बागायतदारांच्या भाषेत सीसीसीचे, अंश सापडले आणि माल अडकला. वर्गातल्या वयस्क बायकांना ते साल आठवत असेल, कारण बागायतदाराचे पैसे अडकले की मजुरीही अडकते. मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम. हा दशांश फळ्यावर लिहा आणि त्यांच्याकडूनच किलोचा टन करून घ्या. उत्तर येईल 50 मिलिग्रॅम. एक टन द्राक्षांत तांदळाच्या दोन-तीन दाण्यांच्या वजनाइतकं! संख्याज्ञानाचा धडा यातच झाला.

मग विचारा: खाणाऱ्यासाठी इतकी काटेकोर मर्यादा आहे, तर डिपिंग करताना, म्हणजे घड औषधात बुडवताना, तुमचे हात ज्या द्रावणात जातात त्याचं मोजमाप कोण करतं? आणि सॅम्पल फेल गेलेला माल पुढे कुठे विकला जातो? या प्रश्नांची उत्तरं तुम्ही देऊ नका. ती त्यांना तुमच्याआमच्यापेक्षा जास्त माहीत असतात. तुम्ही फक्त त्यांच्या तोंडची वाक्यं फळ्यावर लिहा आणि दुसऱ्या दिवशी तीच वाचायला लावा. आपलं बोलणं लिहिलेलं दिसलं की बाई वाचायला धडपडते.

पुढचा वाचनपाठ फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या खोक्यावरचा घ्या. (बाटली नको, वर्गात लहान मुलंही येऊन बसतात.) त्यावरचा रंगीत खुणेचा चौकोन दाखवा: लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही रंग वाचता येतो, आणि रंगाशेजारचा शब्द ती आपोआप जोडते. 2017 साली यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले, ते इथे जरूर सांगा. आणि हेही सांगा की पॅराक्वाट या तणनाशकाच्या वापराला युरोपीय संघात 2007 पासून परवानगी नाही, तरी इंग्लंडमधल्या कारखान्यातून त्याची निर्यात होत राहिली. जागतिक नागरिकत्वाचा खरा प्रश्न इथे आहे. ‘आपण सारे एका पृथ्वीची लेकरं’ वगैरे म्हणून तो सुटत नाही. तिकडच्या ग्राहकाने मर्यादा मागितली म्हणून इकडची फवारणी सुधारली, हेही खरं आणि तिकडे नको असलेलं इकडे खपतं, हेही खरं. दोन्ही बाजू मांडा.

एक सावधगिरी बाळगा. गावातल्या कुठल्याही बागायतदाराचं नाव वर्गात निघू देऊ नका. उद्या त्याच बागेत कामाला जायचं असतं. चर्चा मात्र ठरावापर्यंत न्या, आणि ठराव त्यांच्या आवाक्यातला हवा: मुकादमाकडे हातमोजे मागायचे, फवारणीनंतर किती वेळाने बागेत शिरायचं ते विचारायचं, बागेवर साबण-पाणी ठेवायला लावायचं. प्रौढ माणूस काही उपयोग असेल तरच शिकतो. नुसती ‘जाणीवजागृती’ केलीत तर तिसऱ्या दिवशी वर्ग रिकामा.

पाण्याचा विषय घ्यायचा असेल तर नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाचा पाण्याचा ताळेबंद घ्या. एका एकरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण 4,000 लिटर पाणी. पाऊस मोजायचा, गावाला किती मिळालं ते काढायचं आणि त्यावरून कुठली पिकं घ्यायची ते ठरवायचं. प्लॅस्टिक पिशव्यांवरचं भाषण मात्र टाळा. ज्या घरात पिशवी धुऊन पुन्हा वापरतात तिथे ते शोभत नाही.

‘उल्लास’ या केंद्राच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाच्या परीक्षेची धास्ती नको. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांचे मिळून 150 गुण असतात आणि वरच्या पाठांतून तिन्हींची तयारी होते. शिवाय ‘महत्त्वपूर्ण जीवनकौशल्ये’ हा त्या कार्यक्रमाचाच एक घटक आहे, म्हणजे हे सगळं अभ्यासक्रमाबाहेरचं आहे असं कुणी म्हणू शकणार नाही. अहवालात शाश्वत विकासाचं लक्ष्य 4.7 असं लिहा, त्यात शाश्वत विकास आणि जागतिक नागरिकत्वाचं शिक्षण येतं. वरच्यांना तेवढं पुरतं.

वेळापत्रक बागेच्या कामाप्रमाणे आखा. गोडी छाटणीपासून (फळासाठी ऑक्टोबरच्या सुमारास होणारी छाटणी) काढणी संपेपर्यंत बायका येणार नाहीत, आग्रह करू नका. जून ते ऑगस्ट हे तुमचे खरे महिने. पण सुरगाणा-पेठकडच्या मजुरांच्या टोळ्या नेमक्या हंगामातच तुमच्या गावात मुक्कामाला असतात. खोक्यावरचा पाठ त्यांच्या पालावर रात्री अर्धा तास जाऊन घेता आला तर बघा, त्यांना त्याची जास्त गरज आहे.