बांधावरच्या मधमाश्यांचं मोल रुपयांत कसं काढायचं?

बांधावरची झुडपं आणि मोहोळं राखली तर कांदा बीजोत्पादनात पैशाने किती फरक पडतो, असं तुम्ही विचारलंय. आयपीबीईएस या जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय मंचाने 2016 मध्ये जगातलं परागीभवनावर थेट अवलंबून असलेलं उत्पादन वर्षाला 235 ते 577 अब्ज डॉलरचं धरलं. त्यावरून तुमच्या एकराचं काही कळत नाही. ते शेतातच मोजा. कांद्याच्या फुलात पराग आधी गळतात, स्त्रीकेसर मागून तयार होतो, म्हणून माशीवाचून दाणा नीट भरत नाही.

गोंड्याचा (कांद्याच्या फुलांच्या गेंदाचा) पापुद्रा फाटण्याआधी सारख्या आकाराचे 20 गोंडे निवडा. दहांवर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधा, आत तारेचं कडं हवंच. कापड फुलांना टेकलं की माशी बाहेरूनच काम करून जाते आणि हिशोब फसतो. बाकीचे दहा मोकळे ठेवा. वाळल्यावर दोन्हींचं बी वेगळं मळा, पाखडून पोचट काढा, मग वजन करा. 10 × 10 फुटांतले गोंडे मोजून 435 ने गुणलं की एकरातले गोंडे मिळतात. समजा तिथे 200 गोंडे आहेत आणि गोंड्यामागे दीड ग्रॅमचा फरक आला, तर एकरी सुमारे 130 किलो. त्याला तुमचा भाव लावा.

पण हे मोल सगळ्या माश्यांचं झालं, तुमच्या बांधाचं नव्हे. इथेच बरेच जण आकडा फुगवतात. सकाळी दहाच्या सुमारास दहा गोंड्यांवर पाच-पाच मिनिटं माश्या मोजा, आग्या, सातेरी, फुलोरी आणि पेटीतली मेलिफेरा या मधमाश्यांच्या जाती वेगवेगळ्या लिहा. शेजारच्या पेट्यांतल्याच माश्या जास्त दिसल्या तर बांधाचा वाटा थोडा धरा. फुलोरी झुडपात पोळं करते, कित्येक एकट्या राहणाऱ्या माश्या न नांगरलेल्या मातीत घर करतात. बांध पेटवला की दोन्ही गेल्या.

सगळ्यात मोठं नुकसान फुलोऱ्यातल्या फवारणीने होतं. फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे उमलण्याआधीच करा. फिप्रोनिल, थायामेथोक्झाम ही कीटकनाशकं फुलोऱ्यात नकोच. फवारणी टळतच नसेल तर माश्यांना कमी घातक औषध, तेही सूर्य मावळल्यावर.

कांद्याचा फुलोरा थोड्याच आठवड्यांचा. एरवी माश्या बाभूळ, बोर, करंज, कडुनिंब यांवर जगतात, म्हणून बांधाचं खरं काम फुलोऱ्याबाहेरच्या महिन्यांत आहे. बांधावरच्या झाडांच्या सावलीतल्या ओळींचं बीही वेगळं तोला आणि तिथली घट या रकमेतून वजा करा.