बाग गहाण ठेवू नकोस

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुला दिसेल. एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीचं शेवटचं वर्ष. घर पिंपळगाव बसवंतला, तू नाशकात कॉलेज रोडला खोली करून राहतोस. आजोबांना कंपवात (पार्किन्सन्स) आहे, म्हणून मेंदूच्या आजारांत मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांचं, काय बिघडतं यावर काम करायचंय. एका कन्सल्टंटने सांगितलंय की आधी इंग्लंडात एक वर्षाचं मास्टर्स कर, ३२ लाख लागतील, पुढे पीएचडी 'आपोआप' होते. वडील तीन एकर द्राक्षबाग तारण ठेवायला तयार झालेत. आणि तू विचारतोस, ताई, काय करू?

नको करूस. आपोआप काहीही होत नाही.

मी पंचवटीतली. पुणे विद्यापीठाचीच एम.एस्सी., नाशकातूनच केलेली. पुण्यात दीड वर्ष प्रोजेक्ट असिस्टंट होते, मग इटलीत पादोव्हाला पीएचडी केली आणि आता तिथेच पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करते. घरून पैसे घेतले ते विमानाच्या तिकिटाचे आणि पहिल्या महिन्याच्या भाड्याचे. यात माझी हुशारी काही नाही. आपल्या विषयात युरोपात पीएचडीला पैसे भरायचे नसतात, मिळतात. इटलीत पीएचडीची शिष्यवृत्ती किमान १६,२४३ युरो वर्षाला, तीन वर्षं; सामाजिक विम्याची वर्गणी वगैरे कापून हातात महिन्याला १,२०० च्या आतबाहेर. श्रीमंती नाही. माझी खोली ४०० ची होती, स्वयंपाकघर चौघींत. पण कर्ज शून्य. जर्मनीत नोकरीचा करार मिळतो, पगार याहून बरा असतो.

कन्सल्टंट सांगणार नाही अशी एक गोष्ट. युरोपीय संघाच्या मारी क्युरी योजनेतल्या पीएचडीच्या जागांना पैसे चांगले. त्यांची अट अशी की ज्या देशात जागा आहे, त्या देशात मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. म्हणजे तू कर्ज काढून एखाद्या देशात दोन वर्षांचं मास्टर्स केलंस, की त्याच देशातली मारी क्युरीची जागा तुला बंद. पैसे भरून दार लावून घेतल्यासारखं.

मग जागा मिळते कशी? माझ्या मुलाखतीत मार्कांचं कुणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच: "तू स्वतःच्या हाताने काय मोजलंयस, आणि आलेला आकडा खरा आहे हे तुला कशावरून कळलं?" मी पुण्यात फ्युरा-२ या रंगद्रव्याने पेशीतलं कॅल्शियम मोजायची. त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे उजेडावरून कॅल्शियमचा आकडा काढायचं गणित, तीन वेळा कसं फसलं आणि चौथ्यांदा का जमलं, हे पंधरा मिनिटं सांगितलं. इंग्रजी अडखळत होतं, पण जागा मिळाली.

मोजण्यावर एवढं का अडतं, ते नाशिकच्या भाषेत सांगते. पेशीबाहेर कॅल्शियम साधारण एक मिलीमोलर, आत शंभर नॅनोमोलर. दहा हजार पटींचा फरक. भिंतीच्या एका अंगाला भरलेलं गंगापूर धरण आणि दुसऱ्या अंगाला चैत्रातलं गोदापात्र, असं समज. मेंदूतली चेतापेशी प्रत्येक संदेशाला दरवाजे क्षणभर उघडते, पाणी आत येतं, आणि मग ते बाहेर उपसत बसते. उपसायला ऊर्जा लागते, ती मायटोकॉन्ड्रिया देतात. शिवाय आलेल्या पाण्यातलं थोडं स्वतःही पोटात घेतात. त्यांच्या आतल्या पटलावर दीडशे ते एकशेऐंशी मिलिव्होल्टचा ताण असतो, आतली बाजू ऋण, त्यामुळे कॅल्शियम आपसूक खेचलं जातं.

हे १९६१-६२ पासून माहीत होतं. पेच असा की पेशीतून वेगळे काढलेले मायटोकॉन्ड्रिया कॅल्शियम भराभर गिळत, पण त्यासाठी ते इतकं जास्त लागे की जिवंत पेशीत एवढं कधी आढळतच नसे. त्यामुळे बरीच वर्षं अनेकांनी हा विषय गौण धरला. १९९२ साली पादोव्हात रोझारियो रिझ्झुटो, तुल्लियो पोझ्झान आणि सहकाऱ्यांनी काय केलं, ते पाहा. रामकुंडावर पूर किती आलाय हे आपण धरणाच्या विसर्गाच्या आकड्यावरून बोलतो का? दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून बोलतो. त्यांनी मारुतीच मायटोकॉन्ड्रियात नेऊन उभा केला. एक्वोरिन हे जेलीफिशमधलं प्रथिन, कॅल्शियम लागलं की उजेड देतं. त्याला मायटोकॉन्ड्रियाचा पत्ता जोडला आणि पेशीलाच ते बनवायला लावलं. तेव्हा दिसलं की जिवंत पेशीतही आत मोठी लाट येते, काही सेकंदांत. कारण पुढे उलगडलं: एंडोप्लाज्मिक रेटिक्युलम हा पेशीतला कॅल्शियमचा साठा, आणि मायटोकॉन्ड्रिया त्याच्या अगदी तोंडाशी बसलेले असतात. पूर सगळ्या नाशकात नसतो, काठावर असतो.

कॅल्शियम मायटोकॉन्ड्रियात शिरतं तो दरवाजा, म्हणजे एमसीयू हे प्रथिन, सापडायला २०११ उजाडलं. पादोव्हातला रिझ्झुटोंचा गट आणि बोस्टनमधला वम्सी मूथांचा गट, दोघांनी एकाच वेळी 'नेचर' या नियतकालिकात छापलं. दरवाज्यावरचा राखणदार, एमआयसीयू१, मूथांच्याच गटाला आदल्या वर्षी सापडला होता. पन्नास वर्षं दरवाज्याचं काम मोजलं गेलं, दरवाजा मात्र कुणी पाहिला नव्हता.

धरणाची उपमा इथपर्यंतच. थोडं कॅल्शियम मायटोकॉन्ड्रियाला हवंच असतं. त्याने तीन डीहायड्रोजिनेज एन्झाइमांचा वेग वाढतो आणि ऊर्जा जास्त बनते. अति झालं तर आतल्या पटलात एक भोक उघडतं, मायटोकॉन्ड्रियन फुगतो, आणि असे बरेच फुगले की पेशी जाते.

आता आजोबांचा आजार. कंपवातात मेंदूच्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या डोपामिनच्या पेशी मरतात. या पेशी स्वतःहून, घड्याळासारख्या ठोके देत राहतात आणि प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम आत घेतात, म्हणजे उपसा कधी थांबत नाही. मायटोकॉन्ड्रियाचा संबंध कसा कळला? १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक ताठरून दवाखान्यात आले, तंतोतंत म्हाताऱ्यांच्या कंपवातासारखे. चोरून बनवलेल्या अमली पदार्थात एमपीटीपी नावाची भेसळ होती. शरीरात त्यातून बनणारं द्रव्य मायटोकॉन्ड्रियाचं कॉम्प्लेक्स १, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या साखळीतलं एक यंत्र, बंद पाडतं. पुढे आनुवंशिक कंपवातात पार्किन आणि पिंक१ ही जनुकं सापडली, १९९८ आणि २००४ साली. दोन्हींचं काम खराब मायटोकॉन्ड्रिया वेचून मोडीत काढणं.

(बागेत काही औषधं मारतात म्हणून आजोबांचं कारण लगेच तिथे शोधू नकोस. कीटकनाशकं आणि कंपवात यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसलाय, पण एका माणसाच्या बाबतीत कारण सांगता येत नाही. वडिलांना मास्क मात्र आजपासून घालायला लाव.)

एवढं वाचून वाटेल, मग कॅल्शियमचा दरवाजा अडवला की झालं! तसंच वाटलं होतं. इस्राडिपिन हे रक्तदाबाचं जुनं औषध त्या ठोक्यांचे दरवाजे अडवतं. ३३६ रुग्णांवर तीन वर्षं चाचणी झाली. २०२० साली निकाल छापला: काहीही फरक नाही. इतका सुंदर तर्क, प्राण्यांत आशा दाखवणारा, आणि माणसात शून्य. त्याआधी २०१३ साली एमसीयूच नसलेले उंदीर तयार झाले. ते मरतील अशी सगळ्यांची खात्री होती. निघाले थोडे लहान, पण जिवंत आणि हिंडतेफिरते. म्हणून अर्जाच्या पत्रात 'आजोबांच्या आजारावर औषध शोधायचंय' असं लिहू नकोस. तुझी भावना खरी आहे, मला मान्य. पण वाचणाऱ्याने इस्राडिपिनचा निकाल पाहिलेला असतो. आजोबांचं एक वाक्य पुरे. पुढचं पान तू काय मोजलंस यावर लिही.

रोजचं काम कसं असतं ते सांगते, म्हणजे हौस टिकेल का ते तुला कळेल. काल मी काचेच्या चकतीवर, म्हणजे आपल्या रुपयापेक्षा लहान, वाढवलेल्या पेशी घेतल्या. दोन तास अंधारात सीलेंटेराझिन पाजलं. त्याशिवाय एक्वोरिन उजेड देत नाही. चकती यंत्रात, वरून कोमट मिठाचं द्रावण वाहतंय, खोली काळोखी. स्क्रीनवर आकडे रेंगाळत होते. हिस्टामिन सोडलं, आकडे एकदम उसळले आणि काही सेकंदांत बसले. इथे नवखा माणूस फोटो काढून घरी जातो. खरं काम पुढे असतं. एक्वोरिनचा प्रत्येक रेणू एकदाच जळतो, म्हणून शेवटी पेशी फोडून, भरपूर कॅल्शियम घालून, उरलासुरला सगळा उजेड मोजून घ्यावा लागतो. किती शिल्लक होता हे कळल्याशिवाय आधीच्या उसळीला अर्थ नाही. काल सहापैकी दोन चकत्यांत उरलेला उजेड जवळजवळ नव्हताच. दोन्ही रद्द. दिवस गेला.

हे वाचून कंटाळा आला असेल तर बाग वाचली म्हणायची. नसेल आला, तर पुढचं वर्ष असं घाल. शेवटच्या सत्राचा प्रबंध घाईघाईत उरकू नकोस; जिथे पेशी वाढवतात आणि फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप आहे अशी जागा धर. पुण्यात आयसर आहे, एनसीसीएस आहे, दोन्ही संशोधन संस्था. नाशकाहून शिवशाहीने जाता येतं. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप असते, तिचा अर्ज हिवाळ्यातच भरावा लागतो. सीएसआयआर-नेट ही परीक्षा दे, जूनमध्ये नाही जमलं तर डिसेंबरमध्ये. तिच्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिन्याला ३७,००० आणि वर घरभाडं. मग बंगळुरूला किंवा पुण्यालाच पीएचडी करून पोस्टडॉकला बाहेर पडणं हाही उत्तम रस्ता आहे. माझ्या ओळखीत तसे आलेले माझ्यापेक्षा पक्के निघालेत. हे लिहिताना थोडं जड जातंय, पण खरं आहे.

मेल पाठवताना शंभर जणांना एकच मजकूर नको. मी चाळीसेक पाठवले, सहा उत्तरं आली, त्यातलं कामाचं एक. त्या एकात मी त्यांच्या पेपरमधल्या एका आलेखाबद्दल प्रश्न विचारला होता. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग' हे कुणी वाचत नाही.

कागदांचं थोडक्यात. गुणपत्रकं आणि पदवीला अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, लागतो; विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा, आधी मागव, तिला वेळ जातो. इटलीत उतरल्यावर कामकाजाच्या आठ दिवसांत पोस्टातून रहिवासी परवान्याचा अर्ज टाकायचा. पुढे परवाना नूतनीकरणाला टाकला की हातात नुसती पावती राहते. पावतीवर थेट भारतात ये-जा चालते, मध्ये दुसऱ्या युरोपीय देशात विमान बदललं तर अडकायला होतं. मला हे तिकीट काढल्यावर कळलं. तिकीट वाया, दिवाळी पादोव्हात.

राहायला गाव छान. विद्यापीठ १२२२ सालचं, गॅलिलिओ इथे अठरा वर्षं शिकवायचा. सायकल पुरते, बाजारात भाजी ताजी. कोथिंबीर मात्र शोधावी लागते, आणि हिवाळ्यात धुकं असं की आठवडाभर सूर्य नाही. ऑगस्टमध्ये अख्खं गाव समुद्रावर जातं, पेशींना मात्र खाऊ घालावाच लागतो. तेव्हा लॅबमध्ये परदेशी तेवढे उरतो. भाषा शिक. लॅब इंग्रजीत चालते, पण यंत्र बिघडलं की जो माणूस दुरुस्त करतो तो फक्त इटालियन बोलतो, आणि त्याच्याशी गोड असणं मार्गदर्शकाशी गोड असण्याइतकंच महत्त्वाचं.

वडिलांना माझा नमस्कार सांग आणि तारणाचे कागद तूर्त बँकेत देऊ नका म्हणावं. प्रबंधाला कुठल्या पेशी मिळाल्यात आणि तुमच्याकडे मायक्रोस्कोप कोणता आहे ते मला लिही. त्यावरून पहिला मेल कुणाला टाकायचा ते ठरवू.