नाटक फार वर्षे चालले, तर नव्या नाटकाची वाट अडते का?

प्रश्न : शनिवारच्या वर्तमानपत्रातील नाटकांच्या जाहिराती पाहिल्या की वर्षानुवर्षे तीच चार-पाच नावे दिसतात. हजारो प्रयोग होणे अभिमानाचे आहे हे मान्य. पण त्यामुळे नव्या नाटकांची वाट अडत नाही का? (एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर : वाट अडते, आणि ती तारखांपाशी अडते. लंडनमध्ये १९५२ पासून, करोनाकाळातील खंड वगळता, चालत आलेल्या ‘द माउसट्रॅप’ने एक अख्खे नाट्यगृह स्वतःसाठी धरून ठेवले आहे. आपल्याकडे मात्र आज दादरचे शिवाजी मंदिर, उद्या ठाण्याचे गडकरी रंगायतन, परवा पुण्याचे बालगंधर्व असा मुक्काम हलत असतो आणि पडदा पडताच नेपथ्य उतरवून टेम्पोत भरावे लागते. म्हणजे आपल्याकडे नाट्यगृह अडकत नाही, शनिवार-रविवार अडकतात. नोकरदार प्रेक्षक या दोन दिवशीच येतो. ते चालत्या नाटकांकडे गेले की नव्या नाटकाच्या वाट्याला आडवार उरतो आणि नाटक कसे आहे हे चार जणांच्या कानी जाण्याआधीच निर्मात्याच्या खिशातले पैसे संपतात.

तरीही मी दीर्घकाळ चालणाऱ्या नाटकांच्या बाजूचा आहे. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये रंगमंचावर आले तेव्हा सुरुवातीचा प्रतिसाद बेताचाच होता. मच्छिंद्र कांबळी यांनी ते धरून ठेवले, पुढे त्याचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले आणि मालवणी बोलीला व्यावसायिक रंगभूमीवर हक्काची जागा मिळाली. पहिल्या काही प्रयोगांच्या तिकीटबारीवरूनच निकाल लावला असता, तर हे घडलेच नसते. दुसरे कारण पोटाचे आहे. पडद्यामागच्या कामगारांना प्रयोगागणिक ‘नाइट’ मिळते. प्रयोग नाही तर पैसा नाही, याचा अर्थ मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली तेव्हा त्यांच्या घरांनी भोगला. महिन्याला वीस प्रयोग करणारे नाटक म्हणजे या माणसांच्या घरचे भाडे आणि मुलांची फी.

मला भीती वाटते ती नाटक आतून सैल होण्याची. एक कौटुंबिक नाटक मी चार वर्षांच्या अंतराने दोनदा पाहिले. दुसऱ्या अंकात घर सोडून गेलेला मुलगा परततो आणि आई एक शब्दही न बोलता टॉवेलची घडी घालत राहते. पहिल्या वेळी त्या घडीच्या संथपणानेच गळा दाटून आला होता. दुसऱ्या वेळी मुलाचे काम करणाऱ्या नटाने त्याच जागी पदरची वाक्ये घालून हशा वसूल केला, आणि त्या गुणी अभिनेत्रीला केव्हाच घालून झालेली घडी हातात घेऊन तो हशा ओसरण्याची वाट पाहत उभे राहावे लागले. प्रेक्षागृह खूश होते, म्हणून तक्रार कोणीच केली नाही. दर शंभर प्रयोगांनंतर दिग्दर्शकाला बोलावून संहिता हातात घेऊन एक पूर्ण तालीम करणे हा खर्च नव्हे, नाटकाची देखभाल आहे, असे मी निर्मात्यांना कळकळीने सांगू इच्छितो.

तारखांचा प्रश्न मात्र निर्मात्यांच्या सद्भावनेवर सोडून चालणार नाही. बहुतेक नाट्यगृहे महापालिकांची, म्हणजे आपलीच आहेत. ज्या नाटकाचे अजून पंचवीस प्रयोग झालेले नाहीत, त्याच्यासाठी प्रत्येक तारीखवाटपात काही शनिवार-रविवार राखून ठेवले, तर चालत्या नाटकाचे फारसे बिघडणार नाही.

प्रश्न : मूळ नट गेल्यावर तेच नाटक नव्या संचात पाहावे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अवश्य पाहावे. १९७० मध्ये ‘नटसम्राट’मधील अप्पासाहेब बेलवलकर डॉ. श्रीराम लागू यांनी उभे केले. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी यांनी ती भूमिका आपापल्या अंगाने केली आणि तेव्हाचे प्रेक्षक आजही कोणाचे बेलवलकर सरस यावर वाद घालतात. असा वाद घालता यावा इतकी वर्षे ते नाटक चालले, याचा मला फार आनंद वाटतो.